आतून लावलेली कडी

प्रिय मोहित,

व्हॉट्सॲप सोडून ताई कागदावर कधीपासून लिहायला लागली, म्हणून हसशील. हस बाबा. पण हे आईसमोर उघडू नकोस. तापीच्या राजघाटावर जा, पायरीवर बस आणि मग वाच.

तू विचारलंस, नेटवर्किंगच्या सर्टिफिकेटचा नोकरीला खरंच फायदा होतो, की नुसता कागद? होतो रे, पक्का होतो. आपल्या बुऱ्हाणपूरच्या कॉलेजचं नाव पुण्यात कोणाला ठाऊक? माझा अर्ज पुढे सरकला तो त्या एका ओळीमुळे. मुलाखतीत मात्र समोर राउटर ठेवला आणि बिघाड शोधायला लावला. प्रश्न पाठ करून पास झालेले तिथेच गळाले. म्हणून सांगते, पाठ करू नकोस, हाताने करून बघ. आणि हो, तीन वर्षांनी ते संपतं, पुन्हा परीक्षा द्यावी लागते. माझं पुढच्या महिन्यात संपतंय. संपू दे, म्हणतेय मी.

का, ते ऐक. ती परीक्षा मी लोधीपुऱ्यातल्या आपल्या मागच्या खोलीतून दिली, आठवतं ना? कॅमेऱ्यातून परीक्षावाल्यांचा माणूस बघणार. खोलीत दुसरं कोणी आलं किंवा मी खुर्चीतून उठले, तर परीक्षा रद्द. अण्णांनी हे नियम माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतले. आई असीरगढला मावशीकडे गेलेली. केळीच्या कटाईवर तुला एकट्याला धाडलं आणि स्वतः दाराशी पहाऱ्याला बसले. बेलवर फडकं बांधलं. शेजारी सिंधूकाकूंचा मिक्सर बंद करवला. गोटूची बकरीसुद्धा गल्लीच्या टोकाला नेऊन बांधली! केवढी हसले होते मी. आतून कडी लाव, हेही त्यांनीच सांगितलं.

नंतर तुम्हा सगळ्यांना मी म्हणाले, मला काहीच ऐकू आलं नाही. खोटं आहे ते, मोहित. मी ऐकलं होतं.

तीनदा दार वाजलं. हळू, बोटाच्या पेराने. तेव्हासुद्धा माझी परीक्षा मोडू नये म्हणूनच हळू वाजवलं असणार. आणि मला राग आला रे! वाटलं, चहा विचारताहेत, एवढं सांगून कळत नाही का यांना. मी मान वर केली नाही. पुढे चाळीस मिनिटं बसले. स्क्रीनवर ‘पास’ आलं, मी कडी काढली, आणि दाराला टेकलेले अण्णा आत कलंडले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

इथे मी खोलीला कडी लावत नाही. रूममेट वैजयंती चिडते. ऑफिसात कोणी टेबलावर नुसतं बोट वाजवलं तरी मी ताडकन उठते. सगळे म्हणतात, भूमिका मॅडम काय तत्पर! मीही हसते त्यांच्याबरोबर. आणि तू तीन वर्षं स्वतःला खात बसलास, की फोन गाडीच्या डिक्कीत ठेवला नसता तर अण्णांचे दोन कॉल चुकले नसते. मी ऐकून घेत राहिले. एकदाही तुला अडवलं नाही. माय गं, कसली बहीण मी! तुझा काही दोष नाही. दाराच्या अलीकडे मी होते.

हे आणखी कितीतरी वर्षं मी पोटात ठेवलं असतं. पण काल तू फोनवर खुशीत सांगितलंस, रविवारी परीक्षा, त्याच खोलीत, आतून कडी लावून, बाहेर आईला बसवतोय. पुढचं मला ऐकूच आलं नाही. शनिवारी मी घरी येतेय. दाराबाहेर आईजवळ मी बसेन. तू दार नुसतं लोटून घे. कोणी वाजवलं तर ऊठ, परीक्षा पुन्हा देता येते. आणि हे वाचून मला घरात घ्यावंसं वाटलं नाही, तर मी सिंधूकाकूंच्या ओट्यावर बसेन, पण कडी लावू नकोस.

तुझीच,
भूमिकाताई