पालथं झोपून बघितलेले सिनेमे

लोहारा, रविवार

प्रिय अक्का,

पत्र बघून घाबरू नको, इथं सगळं बरं आहे. गुरुवारीच फोनवर बोललो आणि आज पत्र कशाला, म्हणशील. वाच, कळेल. ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन सोलापुरात नीट झालं, हे तुला ठाऊकच आहे. सुटलेला पडदा बसवून डॉक्टरनं डोळ्यात हवा भरली आणि बजावलं, सात दिवस पालथं झोपायचं, तोंड खाली, जेवण आणि संडास सोडून मान वर करायची न्हाय. आता वीरप्पा कंडक्टर म्हणजे उभा जन्म गाडीत उभं राहिलेला माणूस. त्याला पालथा पाडल्यावर घराचं काय होईल, तूच बघ. सोमवारी दुपारपर्यंत त्यांनी फरशीवरचे डाग मोजून माझ्या झाडण्याची लाज काढली. तेव्हा आमच्या श्रीनाथनं टीव्हीला नेट जोडून दिलं आणि म्हणाला, आई, बाबांना रोज एक सिनेमा दाखव. दाखव काय, कपाळ! ते बघणार फरशी, मी बघणार टीव्ही, आणि काय चाललंय ते मी तोंडानं सांगायचं.

पहिला लावला कुस्तीचा, मराठी. बोलणं ह्यांना ऐकू येतच होतं, पण पडद्यावर जरा कुणी गप्प बसलं की ह्यांचं सुरू, "कोण चढलं? कोण उतरलं?" सिनेमा ठीक होता. पण त्यातल्या शेतात एक तण न्हाय आणि नांगर धरलेल्या हिरोच्या धोतराला चिखल न्हाय. असलं शेत कुठं असलं तर सांग बाई, मी तिथंच राहायला जाते. मंगळवारी भुताचा लावला. मी भिऊन डोळे गच्च मिटले, हे पालथे. दोन तास सिनेमा चालला आणि घरातल्या कुणीच तो बघितला न्हाय. तरी ह्यांनी विचारलं की मी आपलं सांगतेय, "आली, पांढऱ्या साडीत आली." मागून श्रीनाथ म्हणाला, त्यातलं भूत बाई न्हाय, बुवा आहे. बुधवारी हिंदीतला मारामारीचा. "कोण मारतंय?" तर म्हटलं, सगळेच. अर्ध्या तासात हे घोरायला लागले, आणि मला वाटतं त्या सिनेमाचं तेच बरोबर झालं.

गुरुवारचा बक्षीस मिळालेला होता. एक म्हातारा खिडकीत बसलेला. "काय करतोय?" "बसलाय." दहा मिनिटांनी, "आता?" "बसलाय." हे म्हणाले, "माझ्यापेक्षा बरा, निदान सरळ बसलाय." पण खरं सांगू, आठवड्यात मला तोच लई आवडला. शेवटी म्हाताऱ्याची बहीण गावाहून येते आणि शेजारी बसते, एवढंच. मी पदर डोळ्याला लावून रडले. का, ते तुला सांगायला नको.

चार वर्षं झाली गं, तुझा उंबरा बघितला न्हाय. तुझ्या मंजुषाच्या लग्नात एक फेटा कमी काय पडला, ह्यांच्या खांद्यावर टॉवेल काय टाकला, आणि हे ताटावरून उठले. दाजी बिचारे दोनदा इथं येऊन हात जोडून गेले, पण हे एक ना दोन. "त्या शरणबसप्पा साडूच्या दारात मी न्हाय आणि तू पण न्हाय." आता त्याच मंजुषाच्या लेकीचं बारसं पंधरा तारखेला. गुरुवारी ह्यांच्या उशाशी बसूनच मी तुला फोन केला, आपल्या कन्नडमध्ये, आणि रडत सांगितलं की ह्या दगडाला पाझर फुटायचा न्हाय, मी काय येत न्हाय.

शुक्रवारी मी म्हटलं, आज कन्नड सिनेमा लावते, माझ्या कानाला तरी बरं वाटेल. हे म्हणाले, "लाव. मला काय, फरशीच बघायचीय." दोन दोस्त भागीत तेलाचा घाणा चालवतात, जत्रेतल्या मानावरून त्यांचं फाटतं. एक आजारी पडतो, काठी टेकत दुसऱ्याच्या दारात येतो, कडी वाजवतो. आतला ऐकतो पण उठत न्हाय. हा परत जातो. संपला! मी असली चिडले! मग ह्यांना सांगताना म्हटलं, "आतला उठला, दार उघडलं, दोघं एका ताटात जेवले." ह्यांना कुठं कन्नड येतंय. मागं बायाबापड्या रडत होत्या, तर म्हटलं आनंदानं रडतायत.

काल दुपारी म्हणाले, "कालचाच लाव. आणि आज तू बोलू नको." अख्खा सिनेमा उशीत तोंड घालून ऐकला. संपल्यावर म्हणाले, "त्यानं दार उघडलं न्हाय. ते तू उघडलंस." आणि हे, अक्का, स्वच्छ कन्नडमध्ये! माझ्या हातातली शेंगांची परात खाली पडली. बारा वर्षं कर्नाटकातल्या आळंदच्या गाडीवर तिकिटं फाडलेला माणूस, त्याला कन्नड येत न्हाय यावर आपण दोघी कशा गं विश्वास ठेवून बसलो? म्हणाले, लग्न झालं तेव्हा गंमत म्हणून सांगितलं न्हाय, आणि मग सांगायची सोयच राहिली न्हाय, कारण तोवर लई ऐकून झालं होतं. एकतीस वर्षं! त्यांच्या घोरण्यावर, त्यांच्या आईवर, त्यांच्या पोटावर आपण त्यांच्यासमोर काय काय बोललोय, आठव जरा.

मग त्यांनी मांडवातलं सांगितलं. फेटा कमी पडला तेव्हा दाजी स्वतःच्या डोक्यावरचा उतरवून ह्यांना बांधायला निघाले होते. तू मला विचारलंस, काय करू. आणि मी ह्यांच्या शेजारी उभी राहून कन्नडमध्ये म्हणाले, "टॉवेल टाका खांद्यावर, ह्यांना काय कळतंय." मला आठवतसुद्धा नव्हतं. तुला आठवत असणार, पण तू चार वर्षं मला एका शब्दानं बोलली न्हाईस. मी विचारलं, मग तेव्हाच मला का न्हाय झापलंत? तर उशीतून म्हणाले, "भर मांडवात बायकोचं काढू? साडूशी भांडणं सोपं."

त्यांच्या पाठीशी बोलून माफी कशी मागायची? मी गुडघे धरून खाली बसले आणि खाटेच्या कडेला फरशीवर उताणी झोपले, त्यांच्या तोंडाखाली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, चुकलं माझं. लई चुकलं. मग म्हणाले, "पंधरा तारखेची सकाळची गाडी पकडू."

म्हणून हे पत्र, अक्का. हे फोनवर सांगायला आता मला ह्यांच्यासमोर कुठली भाषाच उरली न्हाय, आणि हे तर पालथे, घर सोडून कुठं जात न्हाईत. आपल्याला कन्नड लिहिता येत न्हाय, शाळा मराठी, म्हणून मराठीतच लिहिलंय. दाजींनाही वाचून दाखव. त्यांना सांग, त्या दिवशी त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या साडूला टॉवेल दिला तो त्याच्या बायकोनं.

तुझीच,
शिवकांता