कुवेतची किल्ली

१४ जून २००९, रविवार

लावलं कुलूप! एकदाचं लावलं.

रितेश येऊन गेला. बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आमचं मशीनही त्यानेच जोडलेलं. म्हणाला, "भाभी, ह्याला पालकांचं कुलूप म्हणतात. आईबापाने उघडल्याशिवाय खेळ सुरूच होत नाही." मी म्हटलं, मग बापाच्याच हातात दे. माझ्या हातात नको. मला मी चांगली ओळखते! दिवसभर तोंड वाजवीन, आणि पोराने एकदा केविलवाणा चेहरा केला की देईन उघडून.

मग रितेशने फोनवरून ह्यांना शिकवलं, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर कुठे काय दाबायचं. म्हणजे किल्ली आता कुवेतला. अद्नानला खेळायचं असलं की त्याने अब्बांना मिस्ड कॉल द्यायचा. हे उलटा फोन करणार, आणि पटलं तर तिथून बटण दाबून उघडणार. नाही पटलं तर बस हात चोळत.

तूबाच्या हनुवटीला टाके पडले तेव्हाच ठरवलं होतं. सात वर्षांची पोर. गंमत म्हणून मशीनची वायर ओढली, तर अद्नानने असं ढकललं की कपाटाच्या कोपऱ्यावर जाऊन आपटली. रक्त बघूनसुद्धा हा आधी वायर लावायला वळला! चौदा वर्षांचा माझा मुलगा. दवाखान्यात बसले होते तेव्हा टाक्यांचं काहीच वाटलं नाही मला, त्या वळण्याचं वाटत होतं. पोरगा हातचा जातोय. आणि ते मशीन बापानेच पाठवलेलं, मागच्या ईदला, कुणाच्या तरी सामानातून. मी मागितलं नव्हतं.

१५ जून, सोमवार

शाळा सुरू. नववी. घरी आल्या आल्या मिस्ड कॉल दिला. ह्यांचा फोन लगेच. एक तास मिळाला.

२३ जून, मंगळवार

कुलूप म्हणजे कुलूप आहे! अब्बांनी एक तास म्हटलं की बरोबर तासाने उठतो. हाक मारावी लागत नाही. मी घसा फोडून सांगायचे तेव्हा ढिम्म हलत नव्हता. माणसाचं ऐकत नाहीत, यंत्राचं ऐकतात ही पोरं. रितेशला मुद्दाम फोन करून सांगितलं, बाबा रे, तुझं कुलूप झकास चालतंय. तो नुसता हसला. कामात असेल.

तूबाचे टाके काढले. व्रण राहणार म्हणाले डॉक्टर.

५ जुलै, रविवार

रोज उघडतात हे! एक दिवस नाही म्हणत नाहीत!

आज मी फोन ओढूनच घेतला. म्हटलं, किल्ली तुमच्याकडे दिली ती बंद ठेवायला, उघडायला नव्हे. तर म्हणतात, "अगो, रोज फोन करतो पोर. रोज! आधी कधी बोलायचा माझ्याशी?"

ते खरं आहे. आधी शुक्रवारी ह्यांचा फोन आला की अद्नानचं ठरलेलं — हां, ठीक, अम्मीला देतो. संपलं. आता अर्धा अर्धा तास चालतं. मी भाकऱ्या करता करता ऐकते. "अब्बा, काल आमचा किल्ला पडला." मग हे विचारतात, कसा पडला, कुणी पाडला, तुझ्याबरोबर कोण होता. खेळात ह्याच्याबरोबर हैदराबादचा एक पोरगा आहे, मनिलाचा एक आहे, सगळ्यांची नावं ह्यांना पाठ! अद्नान हात हलवून समजावतो, जसे काही अब्बा समोरच बसलेत. आणि ते हसतात. फोनमधून बाहेर ऐकू येतं इतकं मोठ्याने हसतात.

माझ्याशी बोलताना हे हसत नाहीत. माझ्याकडे काय असतं? कौलं, औषधं, पाण्याची मोटर, नणंदेचं रुसणं. हेवा वाटला. लिहून टाकते, इथे कोण वाचतंय! पोराचा हेवा वाटला मला.

इथे तरी नाव लिहिते — गफूर. तोंडाने कधी घेतलं नाही. लग्न झाल्यापासून हा माणूस दोन वर्षांतून एकदा दोन महिने माझा असतो.

२१ जुलै, मंगळवार

शाळेत बोलावलं होतं. चाचणीत गणित गेलं, इंग्रजी गेलं. मराठीही गेलं! लग्नाआधी मी दापोलीला बालवाडी शिकवलेली बाई, आणि माझ्या पोराचं मराठी जातं. मागच्या बाकावर बसून वहीत किल्ल्यांचे नकाशे काढतो म्हणे.

सरांनी विचारलं, वडील? म्हटलं, कुवेतला. "मग घरात लक्ष कोण देतं?" समोर मी बसलेली. बुरख्याच्या आत घामाने निथळत होते, आणि हा मला विचारतो घरात कोण असतं!

येताना रिक्षात रडले. पोराच्या मार्कांवर नाही. आपण इतकी वर्षं दोघांचं काम एकटीने रेटलं आणि ते कुणाला दिसलंच नाही, त्याचं रडू आलं. घरी पोचले तर अद्नान फोनवर. "अब्बा, आज दोन तास, प्लीज." आणि मिळाले!

२४ जुलै, शुक्रवार

आज भांडले. ह्यांना सुट्टी होती, ऐकून घ्यावंच लागलं.

म्हटलं, त्याचा मिस्ड कॉल आला तरी उलटा फोन करायचा नाही. कुलूप उघडायचं नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत. हे गयावया करायला लागले. अर्धा तास तरी, निदान सुट्टीच्या दिवशी तरी. मी म्हटलं, तुम्हाला बाप व्हायचंय की दोस्त?

मग म्हणाले, "हयसून दुसरा काय होऊ मी, हमिदा?"

ते ऐकून बरं म्हणायला निघाले होते. पण मागे हटले नाही. सरांचा तो चेहरा आठवला. तूबाची हनुवटी आठवली. म्हटलं, अल्लाची कसम घ्या. घेतली. आवाज अगदी बारीक झाला होता.

बरोबर केलं मी. कुणीतरी वाईट व्हायलाच हवं.

२६ जुलै, रविवार

दुपारी मिस्ड कॉल दिला. फोन घेऊन खिडकीत बसला. उलटा फोन आला नाही. पुन्हा दिला. "अम्मी, अब्बांना बरं नाय काय?" म्हटलं, कामात असतील. कॉम्प्युटरला हात लावला नाही. लावून करणार काय? कुलूप!

३० जुलै, गुरुवार

रोज देतो मिस्ड कॉल. शाळेतून आला की दप्तर टाकायच्या आधी. मग फोन मांडीवर घेऊन बसतो. मशीन तसंच, वर कापड घातलेलं. जिंकले म्हणायचं! नणंद म्हणाली, "आता कसा वळणावर आला." मीही हो म्हटलं. आतून बरं का वाटत नाही कळत नाही.

९ ऑगस्ट, रविवार

जेवण कमी झालंय. आज भरलेले बांगडे केले, त्याच्या आवडीचे. "मना नको." अभ्यासाला बसवलं तर बसतो. पुस्तक उघडलेलं, पान उलटत नाही. रागावला असता, आदळआपट केली असती तर मला कळलं असतं. हे काय? दारू सुटलेल्या माणसासारखं होतं म्हणे सुरुवातीला. जाईल. धीर धरायला हवा.

आज विचारलं त्याने, "अब्बा माझ्यावर रागवलेत?" मी भांडी घासत होते. म्हटलं, तुझे मार्क कळले त्यांना. दुसरं काय सांगणार होते? मी त्यांना कसम घातलीय म्हणून सांगू? मग सगळा राग माझ्यावर! अंगणात गेला.

हे तिकडून मला रोज विचारतात — आज काय केलंन, जेवला काय, माझी आठवण काढलीन काय. म्हणाले, मिस्ड कॉल आला की फोन उपडा ठेवतो टेबलावर. म्हटलं, ठेवा. सवय होईल.

२३ ऑगस्ट, रविवार

पहिला रोजा. अद्नानने धरला. इफ्तारच्या आधी ह्यांचा फोन आला — रमजानचा फोन तरी करू दे म्हणाले, कुलूप उघडत नाही. मी दिला त्याच्या हातात. वाटलं होतं, किती बोलेल!

"हां. ठीक. अम्मीला देतो."

हे माझ्याशी बोलायला आले आणि दोन शब्दांत फोन ठेवायला निघाले. म्हणाले खोकला आहे.

१ सप्टेंबर, मंगळवार

आज मिस्ड कॉल दिला नाही. सुटली सवय! सुटले मी.

५ सप्टेंबर, शनिवार

खोटं. सगळं खोटं!

बाजारातून खजूर घेऊन आले तर खोलीचं दार लोटलेलं, आतून टकटक टकटक. कापड जमिनीवर. किल्ले, धूर, तलवारी — सगळं चालू! म्हटलं, कुणी उघडलं? कानाला हेडफोन.

तिथूनच ह्यांना फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. कसम मोडलीत. रमजानात मोडलीत. पोराचं वाटोळं झालं तरी चालेल, तुम्हाला लाडकं व्हायचंय! हे सारखं सांगत होते, "मी नाय उघडला. रोजा हाय माझा, खोटं बोलेन काय?" मी म्हटलं, तुमच्याशिवाय किल्ली कुणाकडे आहे? माझ्याकडे? आणि फोन आपटला.

एवढ्या वर्षांत ह्यांना खोटं बोलताना मी धरलं नव्हतं. आज धरलं.

१२ सप्टेंबर, शनिवार

आता वेळ नाही, तास नाही. सकाळी बसतो तो बसतो. तीन दिवस शाळा नाही. इफ्तारला येत नाही, तूबा ताटली नेऊन ठेवते आणि पळत परत येते. आपल्या भावाला घाबरते ती.

आज मी वायर ओढली. मुद्दाम. वाटलं, मलाही ढकलेल, ढकलू दे. निदान ओरडेल. नाही! उठला, शांतपणे माझ्या हातातून वायर घेतली, लावली, पुन्हा बसला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घरात कुणी बाई उभी आहे हे त्याच्या गावीच नव्हतं.

रितेशला फोन केला. चिपळूणला कुठल्याशा ऑफिसचं काम घेतलंय त्याने, ईदनंतर येईन म्हणाला. मशीन विहिरीत टाकायचं म्हटलं तर नणंद म्हणते, मग सायबर कॅफेत जाऊन बसेल, तिथून कोण आणणार? बरोबर आहे तिचं. इथे निदान पाठ तरी दिसते.

हे फोन करतात, मी उचलत नाही.

२१ सप्टेंबर, सोमवार

ईद. अद्नानचा चाचा नमाजला न्यायला आला. अद्नान गेला नाही. बापाने पाठवलेला नवा कुडता घडीतच. शिरखुर्मा तूबाने आणि मी खाल्ला. लोक आले की म्हणत होते, पोरगा कुठाय? सांगत होते, ताप आलाय.

काही उरलं नाही माझ्या हातात. कुलूप नाही, पोरगा नाही. नवरा तर कधीच नव्हता.

२४ सप्टेंबर, गुरुवार

रितेश आला. अद्नानला म्हटलं जरा ऊठ, तर उठला, बाजूला उभा राहिला. रितेशने दोन मिनिटं बघितलं. म्हणाला, "भाभी, ह्याला कुलूपच नाही." म्हटलं, बघ, ह्यांनी काढलं ना? "नाही हो. ह्यानेच काढलं होतं, जूनमध्ये, लावलं त्याच आठवड्यात. दुकानात येऊन दाखवून गेला मला, कसं काढलं ते. तुम्हाला वाटलं उघडतायत भाई तिकडून, पण इथे उघडायला काही नव्हतंच. मला वाटलं, घरात माहीत असेल."

सगळे दिवस. तो मिस्ड कॉल देऊन खिडकीत बसायचा ते सगळे दिवस मशीन उघडंच होतं.

ह्यांना फोन लावला. सांगितलं. मग म्हणाले, "मग रोज मना कशाला विचारत व्हता?" आणि मग, "दे त्याला. आताच दे."

मी फोन घेऊन दारात गेले. तो पुन्हा बसला होता. म्हटलं, अद्नान, अब्बा. घे ना.

मान वळवली नाही त्याने. "त्यांना सांग, आता नको उघडायला."