ॲट्रोपिनच्या बाजूने

३ जून, सोमवार. सकाळ.
ऑफिसातून पत्र. बंद पडलेलं हृदय चालू करण्याचं माझं सर्टिफिकेट चार वर्षांपूर्वीच संपलं म्हणे. पुन्हा परीक्षा द्या, नाहीतर कॅज्युअल्टीचं इन्चार्जपद सोडा. सत्तावीस वर्षं दुसरं काय करतोय मी इथे? चौकशी केली, परीक्षक कोण. एके काळी माझ्याच हाताखाली इंटर्न असलेली पोरगी! पेशंटला सुई टोचताना स्वतःच डोळे मिटायची.
निश्चय: पुस्तक उघडायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

५ जून.
पुस्तक उघडलं. फक्त चुका काढायला.
सापडली. हृदय बंद पडल्यावर द्यायच्या औषधांतून ॲट्रोपिन गाळलंय! थोरल्या काकांचं नाव लग्नपत्रिकेतून गाळावं, तसं. उपयोग होत नाही असं 'दिसून आलं' म्हणे. कोणाला दिसलं? मला कोणी विचारलं? आणि सोडाबायकार्ब ऊठसूट देऊ नये. मी ऊठसूट देत नाही. प्रत्येकाला देतो.
समासात लाल पेनने 'असहमत' लिहिलं. बरं वाटलं.

७ जून. दुपार.
हिने हट्ट धरला, मी प्रश्न विचारते, तुम्ही उत्तरं द्या. कपड्यांच्या घड्या घालता घालता हिचंच पाठ झालं: ॲड्रिनॅलिन एक मिलिग्रॅम, दर तीन ते पाच मिनिटांनी. मी म्हटलं, पोपटपंची म्हणजे वैद्यक नव्हे. ही म्हणाली, मग पोपटाएवढं तरी येऊ द्या.
पुढचा अभ्यास एकट्याने करणार.

१० जून. परीक्षा.
रबरी पुतळा. मॉनिटरवर सपाट रेघ. मी खणखणीत आवाजात शॉक मागितला. पोरगी अदबीने म्हणाली, सर, सपाट रेघेला शॉक देत नाहीत, छाती दाबत राहायचं आणि ॲड्रिनॅलिन द्यायचं. मी म्हटलं, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे का ते बघत होतो. मग ॲट्रोपिन मागितलं. मग सोडाबायकार्ब. अकरा वीसला पुतळा मेला.
लेखी हरकत नोंदवली: पुतळा मुळात जिवंत नव्हता.
कॅज्युअल्टीतल्या थोरल्या सिस्टर पहिल्या फटक्यात पास. सोपा पुतळा मिळाला असणार.

१७ जून. दुसरी खेप.
या वेळी पुतळ्याची नाडी एकशे नव्वद. ॲडिनोसिन द्यायचं हे बरोबर ओळखलं! (याची कुठेच नोंद नाही.) दिलं सावकाश, मायेने, जन्मभर देतो तसं. पोरगी म्हणाली, सर, हे औषध काही सेकंदांतच संपतं, झटक्यात देऊन मागून सलाईन ढकलायचं. तुमचं दंडापर्यंतसुद्धा पोचलं नाही. नापास.
इन्चार्जची खुर्ची आता रिकामी असते. मी शेजारच्या खुर्चीत बसतो. तिथून दार जास्त चांगलं दिसतं.

२१ जून. दुपारी १२.
लिहायलाच हवं.
साडेदहाला आमचा लिफ्टमन लिफ्टमध्येच कोसळला. एकोणीस वर्षं मी रोज त्याच्या लिफ्टने वर जातो. मजला सांगावा लागत नाही. स्ट्रेचरवरून आणला तेव्हा श्वास नाही, नाडी नाही. मॉनिटरवर सपाट रेघ नव्हे, नुसती थरथर, म्हणजे शॉक द्यायचाच. माझ्या नेतृत्वाखाली ताबडतोब उपचार सुरू झाले. शॉक, दोन मिनिटं छाती दाबणं, पुन्हा शॉक, ॲड्रिनॅलिन, पुन्हा छाती, तिसरा शॉक, अमिओडॅरोन तीनशे. अकराव्या मिनिटाला नाडी लागली.
सिद्ध झालं. परीक्षा गेली खड्ड्यात.

२१ जून. संध्याकाळ.
सिस्टरांनी रिपोर्ट लिहिला. नेतृत्व: थोरल्या सिस्टर. माझ्या नावापुढे: 'वेळ सांगितली.'
जाब विचारायला गेलो. त्या हात धूत होत्या. मनगटं सुजली होती. मी टॉवेल पुढे केला आणि परत आलो.
ही वही दुसरं कोणी वाचत नाही, तेव्हा लिहितो. मी ॲट्रोपिन मागितलं होतं. दोनदा, ओरडून. सिस्टर छाती दाबत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, सर, ॲड्रिनॅलिन, आणि आवाज खाली. मी ॲड्रिनॅलिनचं काचेचं ॲम्प्यूल उचललं, ते हातातच फुटलं. दुसरंही फुटलं. तेव्हा त्या म्हणाल्या, तुम्ही घड्याळ बघा. मी घड्याळ बघितलं. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं म्हणून जास्तच नीट बघितलं. एक मिनिट, दोन मिनिटं, शॉक. एकही सेकंद चुकलो नाही.
तरी ॲट्रोपिन वाईट औषध नाही. मंद नाडीला आजही देतात. एवढं मी सोडणार नाही.

२५ जून.
लिफ्टमनला भेटायला आयसीयूत गेलो. शुद्धीवर आहे, उशीला टेकून बसला होता. बायको शेजारी. मला बघून त्याने हात जोडले. म्हणाला, सिस्टरांनी सांगितलं, साहेब तुमच्यापाशी शेवटपर्यंत उभे होते. बायको पाया पडायला वाकली, मी मागे सरलो, सलाईनचा स्टँड पाडला.
खुर्ची ओढून बसलो आणि त्याला स्पष्ट सांगितलं की मी काही केलं नाही, उलट चुकीचं औषध मागत होतो, सिस्टरांनी ऐकलं असतं तर तू आज इथे नसतास.
तो हसायला लागला. मग छाती धरून कळवळला. म्हणाला, साहेब, हसवू नका, बरगड्या मोडल्यात.
पुन्हा सांगितलं, गंभीर चेहऱ्याने. आणखी हसला. बायकोसुद्धा.
तिसऱ्यांदा सांगितलं नाही. त्याला फार दुखत होतं.