शिडी ठिणगीची

मी, गावाबाहेरच्या पाण्याच्या बंद टाकीवर राहणारी मधवाली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. ताप उतरला आहे, डोके ठिकाणावर आहे. ते कधीच ठिकाणावर नव्हते असे माझ्या थोरल्या भावाचे म्हणणे आहे. ते ऐकून सोडून द्यावे.

१. टाकीखालची, खांबांवरची उंच गोल खोली माझ्या मालकीची नाही. नवरा इथला राखणदार होता. तो गेला, मग टाकी बंद झाली. मला बंद करायचे मात्र सगळे विसरले, म्हणून मी राहिले. खोली देता येत नाही. तिच्यातले, कुठल्याच भिंतीला नीट न टेकणारे कपाट माझ्या मुलीचे, ठिणगीचे.

२. मधाच्या पेट्या, धुराचा डबा आणि जाळीची टोपी ठिणगीची. मध टोपलीतून खाली सोडावा. बदल्यात लोक तिच्यात पीठ, मीठ, रॉकेल ठेवतात. गावातले दुरुस्तीवाले काका घासाघीस करतात, पण मनाने चांगले आहेत. त्यांना मेण जास्त द्यावे.

३. ठिणगी सोळा वर्षांची आहे. माझ्यामागे दादा तिला न्यायला येईल. ती तान्ही असतानाही आला होता. "पोर रानटी होईल. दे इकडे, माणसांत वाढवतो," म्हणाला. मी शिडी वर ओढली, तर दुसऱ्या दिवशी स्वतःची शिडी घेऊन हजर. अर्ध्यावर येऊ दिला आणि कठड्यावरच्या मधमाश्यांच्या पेटीचे झाकण उघडले. शिडी टाकून पळाला. ती ॲल्युमिनियमची शिडी त्याला परत करावी, माझ्याकडे त्याचे तेवढेच आहे. ठिणगी त्याला देऊ नये.

तेव्हापासून अनोळखी माणूस दिसले की शिडी वर, हा आमच्या घरचा नियम.

४. या तापात माझी शुद्ध गेली तेव्हा काकांनी गावच्या नर्सबाईंना पाठवले. ठिणगीने नियम पाळला, तिनेच नंतर सांगितले. आई आत फणफणलेली आणि शिडी वर. माझी शिकवण माझ्याच मुळावर आली होती. नर्सबाईंनी आरडाओरडा केला नाही. खाली खांबाला टेकून बसल्या आणि औषधांचा डबा उघडला.

"तू नको येऊस खाली. आईचं अंग कसं लागतंय, तेवढं सांग."

"भाजतंय."

"मग टोपली सोड, औषध देते."

टोपली दोनदा खाली-वर झाली. त्यानंतर ठिणगीने शिडीच सोडली, कुणी न सांगता.

म्हणून ती सज्ञान होईपर्यंत तिच्या पालक म्हणून मी नर्सबाईंना नेमते. त्यांचा होकार आहे. अट एकच: तिला उतरवायला वर चढू नये, खाली थांबावे.

५. राहिली आमची लाकडी शिडी. ती ठिणगीची, आणि नियमही तिचाच. ठेवावा की मोडावा, ते तिने ठरवावे. तिने वरच राहावे असे मला वाटते, खोटे कशाला बोलू. पण माझ्या वाटण्याला या कागदात जागा नाही.

सही साक्षीदारांसमोर व्हावी लागते. काकांचा गुडघा त्यांना चढू देत नाही. "टोपली सोड, कागद तिच्यातनं पाठव," म्हणाले. पोरीला उतरायची मोकळीक लिहून द्यायची आणि आपण वर बसून राहायचे, हे मला पटेना. तापातून नुकती उठले होते, तरी उतरले.

सही: मधवाली

साक्षीदार: नर्सबाई, दुरुस्तीवाले काका

दिनांक: चौदा मार्च, काका सांगतात त्यावरून

स्थळ: टाकीखाली, जमिनीवर

शिडी धरणार: ठिणगी