मागल्या तारखेची पाणीपट्टी

ता. ९ मार्च

ती. दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे माझी कंबर धरली आहे आणि ऑफिसातला पंखा पुन्हा बंद पडला आहे, पण तक्रार करण्याइतकं त्राण उरलेलं नाही. वहिनीचा गुडघा कसा आहे, हे काल फोनवर विचारायचंच राहिलं.

तीच बोलत होती. पाणीपट्टीचा नवा कायदा आल्यापासून तू कारखान्यात रंगाच्या हौदाशी नुसता बसून असतोस. आणि पुन्हा कोर्टात जायला राहतं घर गहाण टाकतो आहेस. नवा वकील म्हणाला म्हणे, घाईघाईत केलेला कायदा आहे, पळवाट सापडेलच.

दादा, तो घाईत केलेला नाही.

नदीच्या पाण्यावरची पट्टी खात्याने आपल्या मनाने लावली, मूळ कायद्यात तसा अधिकारच नव्हता, हे मीच तुला तुझ्या स्वयंपाकघरात बसून दाखवलं होतं. सरकारचं मीठ खाऊन. त्यावर तू कोर्टात गेलास आणि जिंकलास. भरलेली पट्टी परत मिळणार म्हणून घरी बसवलेल्या कामगारांना पुन्हा बोलावलंस. त्या दिवशी मी ऑफिसात तोंडाला कुलूप लावून मनातल्या मनात नाचत होते.

पुढच्याच आठवड्यात साहेबांनी बोलावलं. कोर्ट काहीही म्हणो, घेतलेली पट्टी पहिल्या दिवसापासून कायदेशीरच होती असं धरणारा नव्या कायद्याचा मसुदा हवा होता. "या निकालाची नस तुमच्याइतकी इथे कुणाला कळलेली नाही," म्हणाले. भावाची केस आहे असं सांगितलं असतं तर सुटले असते. पण मग भावाला हे सुचवलं कुणी, तेही निघालं असतं. मी मान डोलावली.

आमच्याकडे एकाने मसुदा लिहायचा आणि दुसऱ्याने विरुद्ध बाजूचा वकील होऊन तो फोडायचा, अशी पद्धत आहे. माझी जोडीदारीण बाळंतपणाच्या रजेवर होती. म्हणून तुझा वकीलही मीच झाले. अगदी मन लावून भांडले रे तुझ्यासाठी. मसुद्यात एक फट सापडलीही. तिथून तू अलगद बाहेर पडला असतास. ती तशीच ठेवावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू. दोन दिवस ठेवलीही. मग बुजवली. भीतीने, की इतक्या वर्षांच्या सवयीने, ते माझं मलाच कळत नाही. स्वतःची फार लाज वाटते.

यापुढे माझं तोंड बघू नकोस, मी समजून घेईन. पण वकील जे शोधायचे पैसे मागतो आहे, ते तुझ्या बाजूने मी आधीच शोधलं आहे. तिथे आता काही नाही.

घराचे कागद बँकेत दिले असशील तर आधी ते परत आण. मग हे पत्र फाड.

तुझी म्हणवून घ्यायला कचरणारी,
धाकटी