बैल सोडले त्या सकाळी

माय, नातीच्या पाटीवर गिरवत मी म्हातारपणी अक्षरं शिकले, आणि पहिलंच लांब लिहिणं तुला लिहिते आहे. परवा चावडीपुढे एक कारकून सांगत होता की, आपल्या भागात गाडीवाल्यांना भाडं मिळू लागलं ते साहेबांच्या दयेनं. मी उठून म्हटलं, "दयेनं नाई, बाप्पा. माह्या मायनं केलं ते." तो म्हणाला, कागदोपत्री असं काही नाही. नसू दे. मी आहे ना अजून.

त्या वर्षांत दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली होती आणि आपल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. साहेब गावोगाव सांगत फिरायचे, कापूस पेरा, आणखी पेरा. आणि ऐन वैशाखात, जमीन वखरायच्या दिवसांत, त्यांच्याच कचेरीचा शिपाई गाड्या-बैल वेठीला धरून न्यायचा, साहेबांचं सामान चिखलदऱ्याच्या थंड हवेत चढवायला. भाडं नाही, बैलांना चारा नाही. एका साली आपला पांढरा बैल घाटात बसला तो उठलाच नाही. शिपायांनी त्याला दरीत लोटून दिलं. बाबा रिकामं जू खांद्यावर घेऊन घरी आले आणि ओसरीवर नुसते बसून राहिले. पावसाळ्यात उसन्या बैलावर अर्धंच शेत पेरून झालं.

पुढच्या साली मी आखजीच्या सणाला माहेरी आले होते, तेव्हा हुकूम पुन्हा आला. पुरुष चावडीवर अर्ज करायचं बोलत बसले. तू पाण्याच्या निमित्तानं घरोघर गेलीस, बायांशी हलक्या आवाजात बोललीस. तांबडं फुटायच्या आत आम्ही दावी सोडली आणि गावचे सगळे बैल नदीपलीकडे पळसाच्या रानात हाकलले. मला अजून दिसतं, तू पदर खोचून पुढे चालली आहेस, आणि घुंगरं वाजू नयेत म्हणून बैलांच्या माळांना कुणीतरी चिंध्या गुंडाळल्या आहेत.

तहसीलदार आला तेव्हा गाड्या रांगेत उभ्या होत्या आणि ओढायला एकही बैल नव्हता. पुरुषांना खरंच काही ठाऊक नव्हतं. तो त्यांच्यावर ओरडायला लागला तशी तू पुढे झालीस.

"बैल आमी सोडले. तुमीच म्हनता कापूस पेरा. मंग बैल कावून नेता?"

तो म्हणाला, हे बंड आहे. उत्तरेकडे बंड करणाऱ्यांचं काय झालं ते ऐकलं नाहीस का?

"ऐकलं," तू म्हणालीस. "पन आमी कोनाले मारलं नाई. आमी देत नाई, एवढंच म्हनून राहिलो."

तुला, आणि तुझा घरधनी म्हणून बाबांनाही, परतवाड्याच्या कोठडीत नेलं. दुसऱ्या दिवशी आम्ही साऱ्या बाया भाकरी बांधून, कडेवर पोरं घेऊन कचेरीपुढे जाऊन बसलो. हाकललं की उठायचो, पुन्हा येऊन बसायचो. खबर पसरली तसे आजूबाजूच्या गावांचेही गोठे रिकामे झाले. साहेबांच्या पेट्या, पलंग, खुर्च्या परतवाड्यातच उन्हात पडून राहिल्या. शेवटी त्यांना भाडं देऊन गाड्या आणाव्या लागल्या, आणि तुम्हाला सोडलं. फुकट सुटलो नाही आपण. गावाला दंड बसला, आणि कोठडीतल्या मारानं बाबांचा डावा कान कायमचा गेला. पण आपल्या गोठ्यातून बैल पुन्हा कुणी नेला नाही. पुन्हा कुणी न्यायला आलाच, तर माझ्याही लेकी-सुनांना दावी सोडता येतात.

हे कुठल्या टपालात टाकू, माय? नातीला वाचून दाखवीन आणि घरातच ठेवीन. एक मात्र तिला वाचून दाखवणार नाही. त्या दिवशी परतवाड्याच्या वाटेवर मी सगळ्या बायांच्या पुढे चालत होते, ते लोक अजून सांगतात. कोठडीच्या गजांमागून तू मला विचारलंस, "भेली का?" मी नाही म्हणाले. भेले होते, माय. लई भेले होते.