तुझं तपेलं आणि माझी पिल्लं

आई,

आज चार दिवस झाले, एकही पिल्लू मेलं नाही. घरात मी हे मोठ्यानं म्हणत नाही, दृष्ट लागेल म्हणून. तुला सांगते. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तुला सांगितलेलं बाहेर कुठं जायचं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर बचत गटातून पंचवीस गावठी पिल्लं मिळाली. परसात जुनं खुराडं होतंच, ह्यांनी त्याला नवी जाळी ठोकून दिली. तुला हसू येईल. अंड्याला हात लागला तर आंघोळ करणारी तुझी लेक, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचा उपवास धरणारी, ती इथं गारगोटीत कोंबड्या पाळतेय. भजनातल्या बायका म्हणाल्याच, "देवीला ववाळतीस आणि कोंबड्यांची शिटं काढतीस. काय गं बाई तुझी भक्ती!" मी म्हटलं, "मुक्या जिवाला पाणी पाजलेलं देवीला चालतंय की." ऐटीत बोलून गेले. पुढं जे झालं, त्यात ते वाक्य रोज कानात वाजत राहिलं. पाजलं तर मीच होतं.

पहिले दहा दिवस पिल्लं चांगली होती. मग ऊन चढलं. शेजारीण म्हणाली, पिल्लांना ताक पाज, उन्हाचं बाधत नाही. ताक घरात रोज होतंच. पण पाडव्याला ताकाचा माठ तडकला होता, आणि नवा घ्यायच्या ऐवजी मी माळ्यावरून तुझं तपेलं उतरवलं. माझ्या रुखवतावर तू मांडलेलं तांब्याचं तपेलं, जड, गळ्याशी एक पोचा पडलेलं. हल्ली जो तो म्हणतो तांब्यातलं प्यावं. मग घरात असताना विकतचं कशाला, हे माझं नेहमीचं. आतून ते राखाडी, काळपट दिसत होतं, जागोजागी पोपडे आलेले. मी चिंच, मीठ आणि काथ्या घेऊन मोरीत बसले आणि हात दुखेपर्यंत घासलं. आतून लालभडक निघालं, देवाच्या तांब्यासारखं. तू बघितलं असतंस तर शाबास म्हणाली असतीस असं वाटलं मला. त्यात ताक ओतलं, वर ओलं फडकं बांधलं. त्यातलंच घरात जेवताना मीठ-जिरं घालून, आणि त्यातलंच सकाळ-दुपार खुराड्यात.

तिसऱ्या दिवशी एक पिल्लू पंख पाडून कोपऱ्यात बसलं. हातात घेतलं तर डोळे मिटलेले, मान लुळी. दुपारपर्यंत गेलं. दुसऱ्या दिवशी दोन. मग रोज एखादं-दुसरं. शीट हिरवट निळी पडत होती. हिशेबाच्या वहीची मागची पानं मी पिल्लांसाठी ठेवली होती, काय घातलं, कोण पेंगतंय ते लिहायला. दहावीपर्यंत शिकवलंस ती सवय. आता त्या पानांवर दुसरं काही लिहिण्यासारखं राहिलं नव्हतं. खुराड्याचं दार उघडायच्या आधी बाहेरून कान देऊन ऐकायची, चिवचिव येते का. शांत असलं की पाय पुढं पडायचा नाही. देवीपुढं नाक घासलं, ओटी बोलले. म्हटलं, माझं काही चुकलं असेल तर मला दाखव, ह्या पिल्लांना कशाला.

सून म्हणाली, "आत्याबाई, बर्ड फ्लू असंल ह्यो. टीव्हीवर दाखवत्यात. पोरीला तिकडं अजिबात पाठवू न्हका." पोरगी म्हणजे माझी नात, सहा वर्षांची. पिल्लं आल्यापासून ती फ्रॉकच्या ओच्यात दोन-दोन घेऊन हिंडायची. सुनेनं तिला ओढून मोरीत नेलं, साबणानं हात खसाखसा धुतले आणि वर बोलली, "सारखं हातात धरतीस म्हणून मरत्यात ती!" आम्हा मोठ्यांना मळमळायचं, ते उन्हाचं म्हणून सोडून दिलं होतं; दुसऱ्याच दिवशी नातीला उलटी झाली. पोट दुखतंय म्हणून गुडघे छातीशी घेऊन पडली. आई, पिल्लं पण अशीच बसत होती, अंग आवळून. मी तिला काय दिलं असेल सांग? ताक. पोटाला थंड म्हणून वाटीभर जास्तच.

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी एक मेलेलं पिल्लू परसातच फाडून बघितलं. मी तोंड फिरवून उभी. "मावशी, मानमोडीच्या रोगासारखं दिसत न्हाय, तिची लस झालीया. पोटात आत जळाल्यासारखं झालंय. खाण्यापिण्यात काय तरी जातंय."

"काय न्हाय ओ बाई, कण्या आणि घरचं ताक," मी म्हटलं. घरचं, हे जरा जोर देऊनच म्हटलं.

"तरी बघा एकदा. मी नमुना पाठवतो. तवर घातलेलं समदं बंद करा."

त्या गेल्यावर मी वही घेऊन दारात बसले. पान मागं मागं नेलं. कण्या पहिल्या दिवसापासून त्याच. जाळीच्या फटीतून पळून जाणारी चार पिल्लं होती, त्यांना मी रोज शिव्या घालायची. ती दिवसभर धुण्याच्या दगडापाशी साचलेलं घाण पाणी प्यायची. ती चारही जिवंत होती, ठणठणीत. मेली ती सगळी आतली, गुणी, मी दिलं ते पिणारी. मी उठले, स्वयंपाकघरात आले, तपेल्यावरचं फडकं काढलं आणि बोट बुडवून जिभेला लावलं. जीभ आकसली. पैसा तोंडात धरल्यासारखी चव.

आणि तू दिसलीस. शिवाजी पेठेतलं आपलं स्वयंपाकघर, मी आठवीत असेन. मी शाळेतून आलेय, उरलेलं ताक शहाणपणानं रिकाम्या पितळी पातेल्यात ओतून ठेवतेय, आणि तू मागून येऊन माझ्या हातावर चापट मारतेस. पातेलं उचलून सगळं ताक मोरीत ओततेस. एवढं ताक! शेजारी दोन घरं जेवली असती. मी रडते आहे आणि तू ओरडते आहेस, "कल्हई गेलीया त्याची, दिसत न्हाय तुला? कळाकतंय की त्यात! माणसं मारतीस काय?" दुसऱ्या दिवशी बोळात कल्हईवाला बसला तेव्हा तू मला मुद्दाम त्याच्यासमोर उभं केलंस. तो भाता ओढतोय, पातेलं तापवतोय, नवसागराचा पांढरा धूर नाकात जातोय, आणि कापसाचा बोळा फिरवला तसा आतून चांदीसारखा थर चढतोय. "ही बघ," तू म्हणालीस, "ही हाय तवर भांडं आपलं. ही गेली की ईख, जहर."

तोच थर होता गं तो. राखाडी, काळपट, पोपडे आलेला. तू चढवून दिलेला, तुझ्या पाठीमागं शिल्लक राहिलेला तेवढा. मी तो मळ समजून चिंचेनं घासून काढला आणि वर आंबट ताक ओतलं.

हे सगळं डोक्यात यायला क्षण लागला असेल. मागं वळले तर नात ओट्यापाशी उभी, हातात रिकामा पेला, ओठावर ताकाची पांढरी मिशी. "आज्जी, मी माझं मीच घेतलो," म्हणाली. मी तिच्या तोंडात बोटं घालून तिला ओकायला लावलं. ती किंचाळली, सून धावत आली. "काय करताय आत्याबाई!" मी म्हटलं, "ताक नासलंय." तेवढंच. तशीच रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं. वाटेत तिची मान माझ्या दंडावर होती, आणि मला फक्त हातातल्या त्या पिल्लांच्या माना आठवत होत्या. सून केसपेपर काढायला गेली तेवढ्यात मी डॉक्टरांना हळू आवाजात खरं सांगितलं. त्यांनी तपासलं, सलाईन लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं. म्हणाले, लवकर आणलंत, थोडं थोडंच गेलंय, उतरेल. उतरलं. परवापासून भाकरी-दूध खातेय.

ताक त्याच दिवशी खड्डा काढून पुरलं. अकरा पिल्लं उरली आहेत. तपेलं धुऊन पालथं घातलंय. इथं कल्हईवाला येत नाही, गडहिंग्लजच्या बाजारात एक बसतो म्हणतात. तिथं नेईन, नाहीतर नेणार नाही. बघून भीती वाटते.

पण हे सांगायला मी बसले नव्हते. घरात सगळ्यांना वाटतंय की कोंबड्यांची साथ होती आणि ताक आपलं उन्हानं नासलं. मी वाटू दिलंय. मघाशी कण्या टाकायला गेले तर नात खुराड्यापासून चार हात लांब उभी होती, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधून. एक पिल्लू जाळीतून निसटून तिच्या पायाशी आलं तर ती मागं सरली. म्हणाली, "आज्जी, मी धरलतो म्हणून मेली न्हवं ती? आता मी हात लावत न्हाय." मी म्हटलं, "न्हाय गं बाळा." आणि कण्यांचं सूप झटकत बसले. तू असतीस तर तिथंच सगळ्यांसमोर बोलून मोकळी झाली असतीस, वर मला दोन शिव्या दिल्या असत्यास.

ती अजून तिथंच उभी आहे, खिडकीतून दिसतेय मला. हात पाठीमागंच आहेत. आणि मी तिच्याकडं जायचं सोडून तुला लिहीत बसलेय, कारण तू काही विचारणार नाहीस.